निघालंय म्हणून सांगितलेलं पार्सल

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. निवृत्ती जवळ आली होती, नेमणूक बोईसरला होती. तिकडे दूर युद्ध पेटलं, आकाशमार्ग बंद झाले, विमानं लांबचा वळसा घेऊ लागली. परदेशी टपालाचे दर बदलले, काही देशांचं टपाल तर थांबलंच. त्याचा आमच्या पोलीस ठाण्याशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

एके दिवशी चिंचणीच्या पोस्टातल्या कारकुनाचा फोन आला. "साहेब, लोक येऊन विचारतात, आमचं पार्सल कुठवर गेलं. आम्ही ती घेतलेलीच नाहीत. पावत्या पाहिल्या, तर सगळी बोईसरच्या एकाच कुरिअरवाल्याकडे दिलेली आहेत."

त्याने एका मासळी विकणाऱ्या मावशींना ठाण्यात पाठवलं. त्यांची मुलगी युरोपात नर्स. नोकरी कायम व्हायला तिला मूळ प्रमाणपत्रं हवी होती. मावशींनी ती त्याच कुरिअरवाल्याकडे दिली, सोबत सुके बोंबीलही.

"दुकानवाला सांगतो, निघालंय, विमान फिरून जातंय. पोरीला मुदत हाय सायब. कागद नाय पोचले तर तिला परत यावा लागेल."

कुरिअरवाल्याला चौकशीला बोलावलं. तिशीतला, नीटनेटका माणूस. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "पाठवलंय." सुरुवातीलाच आवाज चढवला की माणूस मिटून जातो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि हवालदाराशी बोलू लागलो. "या दमट हवेत त्या बोंबलांना बुरशी आली असेल."

"नाही साहेब, वरच्या फळीवर कोरड्यात ठेवलेत," तो बोलून गेला. मग त्याने मान खाली घातली.

पंचांसमक्ष त्याची खोली उघडली. सगळी पार्सलं तिथे होती, एकही फोडलेलं नव्हतं. त्याने ती जुन्या दराने घेतली, मग दर वाढले, मग मार्गच बंद झाला. "उद्या सुरू होईल म्हणत राहिलो. खरं सांगायचा धीर झाला नाही." नवी पार्सलं मात्र तो घेतच होता. विश्वासघाताचा गुन्हा दाखल केला.

आता अडचण वेगळीच होती. जप्त मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाही, आणि मुदत तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः अहवाल घेऊन पालघरच्या न्यायालयात उभा राहिलो. आदेश मिळाला. कागद मावशींच्या हाती देऊन त्यांच्यासोबत पोस्टात गेलो.

दुसऱ्या मार्गाने टपाल नुकतंच सुरू झालं होतं. कारकुनाने वाढलेला दर सांगितला. म्हणाला, "कधी पोचेल याची खात्री देता येत नाही, मावशी."

मला वाटलं, त्या माघारी फिरतील. त्या म्हणाल्या, "तू खरं बोललास. तुझ्याकडंच देते."

मावशींनी पोस्टाच्या पावतीचा फोटो मुलीला पाठवला, तिने तो आपल्या रुग्णालयात दाखवला. युद्धाची परिस्थिती त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी मुदत वाढवून दिली. कागद उशिरा पोचले, पण पोचले. मावशी ते सांगायला ठाण्यात आल्या, तेव्हा हवालदारासकट सगळे उठून उभे राहिले.

त्या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. 'अडकलंय' असं सांगितलं, तर माणूस दुसरी वाट शोधतो. 'निघालंय' म्हटलं, की तो नुसता वाट पाहत बसतो.