राख म्हणा की भस्म

"तुमचं मशीन काढून न्या बाई. आन् सुनेला मी उद्याच अंबाजोगाईला माहेरी धाडतो." अप्पांनी मला दारातच ऐकवलं.

अप्पा म्हणजे परळीतले कापड दुकानदार. त्यांच्या नव्या बंगल्यात दिवे, पंखे, बेल सगळं मोबाइलवर चालतं. ते काम माझं. वायरिंग करता करता मी स्मार्ट होमवाली झाले. 'बाईमाणसाला जमेल का' हे विचारणं लोकांनी आता सोडलंय.

अप्पांच्या सुनेला, सुवर्णाला दमा. म्हणून महिन्यापूर्वी मी हॉलमध्ये हवेचा सेन्सर लावला होता. स्वस्तातला, मुठीत मावणारा. त्यातला इवलासा पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा उजेड पडतो आणि डोळ्यांना न दिसणारे कण मोजले जातात. आकडा वाढला की मोबाइलवर सूचना यायची, 'खिडक्या बंद करा.' परळीत धूळ आणि वीज केंद्राची राख बाहेरूनच येणार, असं धरून ती सूचना मीच टाकली होती.

रोज सकाळी साडेसहाला आकडा तीनशेच्या घरात जायचा. घरातले धावत जाऊन खिडक्या लावायचे. सुवर्णाची धाप मात्र वाढतच चालली होती.

"ताई, माहेरी गेले तर शाळेतली नोकरी सुटंल हो," ती हळूच म्हणाली. चौथीचा वर्ग होता तिच्याकडे. मला फार वाईट वाटलं.

"अप्पा, एक दिवस द्या मला."

"सेन्सरच खोटा असंल. स्वस्तातलं ते!"

हे मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सहालाच तसलाच दुसरा सेन्सर घेऊन गेले. आधी दोन्ही शेजारी ठेवले. आकडे जवळपास सारखे, म्हणजे मशीन ठीक. मग एक बाहेर गॅलरीत टांगला. साडेसहाला बाहेर चाळीस, आत दोनशे नव्वद. खिडक्या लावल्या, तर आतला आकडा आणखी चढला. चोर घरातच होता.

स्वयंपाकघरात अजून गॅसही पेटला नव्हता. आतला सेन्सर पॉवर बँकला जोडून मी खोल्या फिरू लागले. देवघराशी आकडा पाचशेच्या पुढे गेला. आत अप्पा अंघोळ करून बसले होते आणि गोवरीची राख मलमलच्या फडक्यातून चाळत होते. रोजचं ताजं भस्म, स्वतःला आणि गल्लीतल्या चार घरांना. वाऱ्याने उडू नये म्हणून देवघराची खिडकीही लावलेली.

"अप्पा, राख इथून येतेय."

"राख न्हाई, भस्म हाय ते!" अप्पा कडाडले.

"खरंय. पण मशीनला आणि सुवर्णाच्या छातीला त्यातला फरक कळत नाही."

अप्पांनी फडकं राखेच्या परातीत टाकलं. गिऱ्हाईक गेलं, असं मी धरूनच चालले होते. मग त्यांनी परात उचलली आणि जिन्याकडे निघाले.

"महादेव मसणात बी बसतो. त्याला गच्ची काय वाईट हाय? टाकीच्या आडोशाला बसतो मी. कावून सांगितलं न्हाई आधी?"

"आधी मलाच कुठं ठाऊक होतं!"

खिडक्या उघडल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली. तासाभरात आकडा साठावर आला. मी सूचना बदलली, 'आधी घरात शोधा.'

सुवर्णाची औषधं चालूच आहेत, पण सकाळची धाप कमी झालीय. आठवड्याने ती शाळेच्या वाटेवर दिसली, हातात वह्यांचा गठ्ठा. लांबूनच तिने हात केला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

अप्पा आता गल्लीभर सांगतात, "लई हुशार बाई हाय. माझ्याच देवघरात चोर धरला, आन् तो मीच निघालो."

सेन्सर स्वस्तातला असला तरी चालतो. लावणाऱ्याने मात्र सगळ्या खोल्या पायी फिराव्यात.