हात मागे

माझे हात हल्ली गप्प बसत नाहीत. गोडादऱ्याहून कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात कामावर जाताना रिक्षातसुद्धा बोटं मांडीवर चाळा करत असतात. बायको म्हणते, हे खूळ नव्या यंत्रांबरोबर आलं. खरं आहे तिचं.

जुन्या धोट्याच्या मागांवर माझी सगळी हुशारी माग थांबवण्यात होती. खडखडाटात आम्ही एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचो, पण मागाचं बोलणं कानाला बरोबर कळायचं. आवाज जरा बदलला की हात दांडीवर, माग बंद, तुटलेल्या धाग्याला गाठ. कापड बिघडायच्या आधी थांबवतो तोच कारीगर, अशी आमची समजूत. खानदेशातून आलो तेव्हापासून हीच माझी ओळख.

मग शेठने जुने माग भंगारात काढले आणि बिनधोट्याचे, रॅपियर माग आणले. धागा तुटला की ही यंत्रं आपणच थांबतात, दिवा लावतात. मला काही भरवसा वाटेना. आवाज वेगळा लागला की मी बटण दाबायचो. बघावं तर धागा धड! पुन्हा चालू केलं की नेमकी तिथंच कापडात आडवी पट्टी उमटायची. तपासणीतून माझंच कापड परत येऊ लागलं.

सुपरवायझर माझ्या मुलीच्या वयाची. ती हळूच म्हणाली, "काका, फिर पट्टी आई तो शेठ आपको घडी में डाल देगा. हाथ पीछे रखो ना."

घडी म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं कापड दुमडत बसायचं. मला भयंकर राग आला, आणि तिचं म्हणणं पटलं म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी मी हात पाठीमागे घेऊन उभा राहिलो. मध्येच आवाज बदलला. बोटं शिवशिवली. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं. यंत्र चालतच राहिलं, त्याला काहीही झालेलं नव्हतं. पाळी संपेपर्यंत दिवा लागला तरच पकड सोडली, आणि पुढे रोज तेच.

त्या आठवड्यात माझं सगळं कापड पास झालं. सुपरवायझर पोरगी मनापासून खूश झाली. "सरस, काका! इस बार आपने कुछ नहीं किया."

घरी आलो. मनगटावरचा वळ बघून बायकोनं आमच्या खानदेशी बोलीत विचारलं, "काय व्हयनं?"

"काहीच नही करं," मी म्हणालो. "म्हनीसन कामवर टिकनू."