एका दिवसाचं लेथ मशीन

चाकणच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी लेथ मशीनवरचं, लोखंड कातायचं काम शिकवते. गरीब पोरांची फी सरकार संस्थेला देतं, म्हणून दरवर्षी सरकारी साहेब तपासणीला येतात. आमची दोन्ही मशीन कधीच मेलेली. मग आदल्या दिवशी कासारवाडीच्या एका वर्कशॉपमधून टेम्पोत घालून दोन मशीन यायची, साहेब गेले की परत जायची. वर्षभर मी फळ्यावर खडूनं लेथ काढून शिकवायचे. तीन वर्षं हे नाटक बघत तोंड शिवून बसले. लाज वाटते, पण खरं ते खरं.

यंदाचे साहेब नवे होते. चहासुद्धा नको म्हणाले. पुढच्याच एका पोरीला म्हणाले, "चालवून दाखव."

शेजारच्या गावातली शेतकऱ्याची पोर, वर्गात सगळ्यात हुशार. पुढच्या महिन्यात कंपनीत लागणार होती. तिनं चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, लोखंडी सळी धरली, किल्लीनं आवळली, अगदी बरोब्बर. आणि किल्ली तशीच चकमध्ये ठेवून स्विचकडे हात नेला. चक फिरला असता तर ती किल्ली सुटून थेट तिच्या तोंडावर आली असती.

"अगं बये, किल्ली!" मी धावत जाऊन तिचा हात ओढला.

पोर पांढरीफटक पडली. म्हणाली, "मॅडम, फळ्यावर किल्ली नव्हतीच की वो."

चूक तिची नव्हती, माझी होती.

"घाबरली हो पोरगी," प्राचार्य हसले.

माझं डोकंच फिरलं. "कशाला घाबरेल? चालू मशीनला तिनं आज पहिल्यांदा हात लावलाय! साहेब, ही मशीन आमची नाहीत. संध्याकाळी टेम्पो येईल न्यायला."

"लिहून द्याल?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता देते. कागद आणा."

सगळं लिहिलं आणि खाली सही केली. स्वतःचं मशीन येईपर्यंत संस्थेचे सरकारी पैसे थांबले. प्राचार्यांनी मला काढलंच असतं, पण या विषयाची पात्रता असलेली मी एकटीच. मला काढलं तर मान्यताच जाणार. बसा बोंबलत!

तीन आठवड्यांत संस्थेनं स्वतःचं मशीन घेतलं. पहिला मान त्या पोरीचा. तिनं सळी आवळली, किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "धरा मॅडम. आता चालू करते."

मी ती किल्ली मुठीत घट्ट धरून उभी राहिले.