हवापालट

माझ्या धाकट्या दिरांनी चोरांवर आणि माकडांवर जेवढे उपकार केले आहेत, तेवढे अख्ख्या काशीत दुसऱ्या कुणी केले नसतील. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरातून आजवर जे जे गेलं, पितळी तांब्या, माझी कोरी चादर, नैवेद्याचे मोदक ताटासकट, ते सगळं भावजींनी सताड उघड्या टाकलेल्या खिडक्यांमधून गेलं. भावजी डॉक्टर आहेत आणि लग्न केलेलं नाही. करणार तरी कसं? पौषात इथे हाडं वाजतात, गल्लीतलं धुकं जिना चढून वर येतं, आणि हे गृहस्थ कानटोपी घालून, दोन रजयांच्या खाली, गंगेवरचा वारा अंगावर घेत घोरत असतात. कोण बाई नांदेल? "अहो भावजी, न्यूमोनिया होईल!" म्हणून मी ओरडायची. आतून आवाज यायचा, "वहिनी, वाऱ्याने माणूस मरत नाही, भिंतींनी मरतो."

घरापुरतं असतं तरी चाललं असतं. पण लोकांकडे गेले की चपला काढायच्या आधी हे खिडकीची कडी काढणार. एकदा शेजारच्या सत्यनारायणाला गेले आणि नेहमीसारखी खिडकी उघडली. कथेचा तिसरा अध्याय चालू असताना एक दांडगं माकड आत आलं, प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं उचललं आणि निघून गेलं. गुरुजी मोठे हजरजबाबी, "साक्षात मारुतीराय येऊन गेले" म्हणाले. यजमानीणबाई मात्र पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जसं काही माकड मीच पाळलं होतं!

दवाखान्यातही तीच तऱ्हा. 'काय होतंय?' हा प्रश्न भावजींना ठाऊकच नव्हता. पेशंट टेकला की, "रहते कहाँ हो? खिड़की है?" पत्ता कळला की अर्धा रोग कळतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मागच्या गल्लीतले गेस्ट हाऊसवाले शेठजी एकदा पित्त घेऊन आले. त्यांच्या तीनही मजल्यांच्या खिडक्या गंगेवर उघडतात. भावजींनी इतक्या आदराने त्यांची नाडी धरली, की शेठजींना वाटलं आपलं काही खरं नाही.

सुगनी आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. हसरी, तोंडाची फटकळ, माझ्याशी तिचं छान जमायचं. ती खोकायला लागली आणि भावजींनी तपासून घेतलं, तर टीबी. सरकारी गोळ्या फुकट मिळतात, त्या सुरू झाल्या. भावजींचं हिंदी अस्सल बनारसी, पण पथ्य सांगताना त्यांच्या तोंडून मराठी निसटतं. ते म्हणाले, "दवा तो चलेगी, लेकिन तुम हवापालट करो." माझ्या माहेरी, मिरजेला, आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी पन्हाळ्याला धाडत असत. सुगनीला कुठला पन्हाळा?

आठवड्याने ती आली ती खुशीतच. "पलट दिये, साहब!"

"क्या पलट दिये?"

"हवा! खटिया का मुँह उधर कर दिये. पहले इस दीवार से लगी थी, अब उस दीवार से."

भावजी खो खो हसले, मीही हसले, सुगनीही हसली. मग भावजींचं हसू एकदम थांबलं. म्हणाले, "चला वहिनी, बघून येऊ."

खोली लांब नव्हतीच. भावजींच्या खिडकीखाली जी गल्ली पंचगंगा घाटाकडे उतरते, त्याच गल्लीत, शेठजींच्या गेस्ट हाऊसच्या पाठीमागे. नवरा तिथला झाडूवाला, खोली नोकरीबरोबर मिळालेली. आत नवरा, सासू आणि तीन पोरं. भर दुपारी दिवा लावलेला. भावजी आत शिरले आणि सवयीने त्यांचा हात भिंतीकडे गेला, कडी शोधायला. भिंत चाचपत चाचपत ते चारही बाजूंनी फिरले. मला बघवेना, मी बाहेर आले.

तिथून ते तडक शेठजींकडे गेले. भिंतीला एक खिडकी पाडा, खर्च माझा. शेठजी देवमाणूस, रोज गायीला पोळी घालतात, यात्रेकरूंना पाणी पाजतात. हात जोडून म्हणाले, "खिड़की तो हमारे आँगन में खुलेगी, डॉक्टर साहब. मेहमान वहाँ नाश्ता करते हैं, अच्छा लगेगा?" वर आणि, "लोग काशी में मरने आते हैं, आप हवा ढूँढ रहे हैं!" मेल्याचा मला असा राग आला!

मग आम्ही सुगनीला आमच्या गच्चीवरच्या खोलीत आणलं. गोळ्या, दूध, अंडी (हो, आमच्या सोवळ्याच्या घरात अंडी!) आणि वारा. तिच्या गालांवर मांस आलं. गोळ्या संपल्या, खोकला गेला. भावजी बोर्डात आलेल्या पोराच्या बापासारखे मिरवत होते. पण ती जायला निघाली. "सगळेच इथे या" म्हटलं, तर नवऱ्याला रात्री-अपरात्री हाक मारली की हजर व्हावं लागतं, खोली सोडली तर नोकरीही जाणार. भावजी तिच्यावर ओरडले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हम तो पलट गये, साहब. बच्चों को कौन पलटेगा?"

पावसाळ्यात गंगा चढली, खोलीत शिरली, उतरली. भिंती दिवाळीपर्यंत पाझरत होत्या. खोकला परत आला आणि या खेपेला गोळ्यांना जुमानेना. देवदिवाळीला पंचगंगेवर दिवे लागतात, ते बघायला शेठजींच्या साऱ्या खिडक्या महिनाभर आधीच भरलेल्या. सुगनी त्याच आठवड्यात गेली.

भावजी खांदा द्यायला मणिकर्णिकेला गेले होते. परत आले, आंघोळ केली, चहाला नको म्हणाले. ओला पंचा दोरीवर टाकता टाकता म्हणाले, "घाटावर फार वारा होता, वहिनी. लगेच पेटली."

नवऱ्याने पोरं घेऊन गाव गाठलं. आठवड्याच्या आत त्या खोलीत नवा झाडूवाला आला, बायकापोरांसकट. त्यांच्यातलं कोण ते ठाऊक नाही, पण हल्ली पहाटे तिथून खोकल्याचा आवाज येतो. भावजींची खिडकी उघडी असली की स्पष्ट ऐकू येतो.

आता माकडं येत नाहीत, तांब्ये जागच्या जागी असतात. खिडकी बंद असते. ज्या माणसाला मी जन्मभर खिडकीवरून बोलले, त्याच्या खोलीत सकाळी चहा घेऊन जाते आणि मीच कडी काढते. भावजी कप हातात घेऊन खाली गल्लीकडे कान देतात. चहा गार होतो, मी तो परत गरम करून आणते.