ताट कोणी रिकामं केलं

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर चोवीस खाटा, आणि त्या चोवीस तोंडांना दिवसातून तीनदा ताट पोचवणारी एकच बाई. सव्वीस वर्षं झाली. सगळे तिला दुर्बीणकाकू म्हणतात. कारण ताट मांडायला तिला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट उचलायला लागतो. उष्टं ताट ती खिडकीच्या उजेडात धरते, तिरपं करते, न्याहाळते, मगच गाडीत ठेवते.

ही विद्या सासरची. सासूबाई जेवण चांगलं झालं असं कधी म्हणाल्या नाहीत, वाईट झालं असंही नाही. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. मग ताटात काय उरलं, कसं उरलं, त्यावरून सूनबाईने ओळखायचं. शितावरून भाताची परीक्षा जग करतं. काकू उष्ट्यावरून माणसाची करते. कोणाचा दात दुखतोय, कोणाचं घरी भांडण झालंय, कोण उद्यापर्यंत उठून बसेल, ताट सांगतं.

पूर्वी ताटं तीन प्रकारची होती: साधं, बिनमिठाचं, पातळ. सहा महिन्यांपूर्वी नवी पद्धत आली आणि काकूचं सुख संपलं. आता प्रत्येकाचं रक्त तपासतात, आतड्यातले जंतू मोजतात, दंडावर साखर मोजणारं बटणाएवढं सेन्सर चिकटवतात, आणि त्यावरून यंत्र ज्याचं त्याचं जेवण ठरवतं. चोवीस माणसं, चोवीस ताटं, चोवीस स्टिकर. एकाला भात चालतो, बटाटा नाही. शेजारच्याला बटाटा चालतो, भात नाही.

"घरी चौघांनी चार भाज्या मागितल्या तर मी लाटणं दाखवते," काकू म्हणायची. "इथे दाखवायचं कोणाला? यंत्राला?"

वर तो टॅबलेट. ताट उचललं की त्यावर बोट ठेवायचं. तीन चौकोन: पूर्ण खाल्लं, थोडं खाल्लं, नाही खाल्लं. भांड्यांच्या साबणाने काकूची बोटं इतकी घासली गेलीत की काचेला ती बोटं वाटतच नाहीत. एका ताटाला पाच-पाच वेळा दाबायचं. तोवर पलीकडे कोणीतरी ओरडतंच, "काकू, पाणी!"

तर सात नंबर आणि नऊ नंबर. दोघांच्या खाटा खिडकीजवळ, समोरासमोर. सातवर एक बुकबाइंडर, पोटाचं ऑपरेशन झालेला, काडीसारखा. त्याचं वजन वाढायला हवं म्हणून ताटात भात, लोणी लावलेला बटाटा, दोन अंडी. आणि त्याला घास जात नाही. नऊवर गाडी शिकवणारे मास्तर, साखरेचं दुखणं, देह भरभक्कम. त्यांच्या ताटात घेवड्याच्या उकडलेल्या शेंगा, कोबी, वाटीभर दही. आणि त्यांना भूक अशी की स्टिकरही खातील.

ताटं ठेवून काकूची गाडी पुढे गेली की दोघं अदलाबदल करायचे. जेवण झालं की रिकामी ताटं परत आपापल्या टेबलावर.

काकूला पहिल्याच दिवशी कळलं. बाइंडरची सवय अशी की लिंबाची फोड पिळली की साल उलटी करून टोपीसारखी ठेवायची आणि कागदी रुमालाची काटेकोर चौघडी घालायची. मास्तर रुमालाचा बोळा करून वाटीत कोंबणार. आता नऊच्या ताटात टोपी आणि चौघडी, सातच्या ताटात बोळा! पण तिला वाटलं, एकाला भूक नाही, एकाला पोटभर मिळत नाही, देवानेच जोडी जमवली. खाऊ देत. दोन्ही ताटांना तिने 'पूर्ण खाल्लं' दाबलं. अकरा दिवस दाबलं.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि आहारवाली ताई नऊ नंबरपाशी उभे राहिले. ताई तिच्या लेकीच्या वयाची, हुशार, टॅबलेटशिवाय पाऊल न टाकणारी.

"सर, इंटरेस्टिंग आहे. नुसत्या शेंगा आणि कोबी खाऊनही यांची साखर जेवणानंतर आभाळाला भिडते. यांचं शरीरच वेगळं आहे."

"मग रात्रीपासून इन्सुलिन वाढवू," डॉक्टर म्हणाले. "उद्या घरी. घरी पथ्य पाळणार का?"

मास्तरांची बायको शाळेत हेडबाई. ती स्टुलावर ताठ बसली होती. "पाळतील. एक शेंग जास्त मिळणार नाही."

"आणि सात नंबर," ताई पुढे म्हणाली, "सगळं खातात, तरी वजन ग्रॅमभर वाढत नाही."

"पोटात परत दुर्बीण घालून बघू."

पाण्याचं भांडं घेऊन चाललेली काकू जागीच थांबली. घरी जाऊन मास्तर खरोखर शेंगा खाणार, त्यावर वाढीव इन्सुलिन. हेडबाईच्या घरात चोरून खायला बिस्किटाचा तुकडाही सापडायचा नाही. साखर एकदम उतरून माणूस बसल्या जागी कोसळायचा.

तिने ताईला जिन्यात गाठलं. "ताई, मास्तरांनी शेंगा खाल्ल्याच नाहीत. त्या बाइंडरने खाल्ल्या."

"काकू, तुम्हीच पूर्ण खाल्लं दाबलंय."

"ताट रिकामं होतं, ते दाबलं. कोणी रिकामं केलं, हे कुठे विचारतं तुमचं यंत्र?"

"पुरावा काय?"

"लिंबाची साल."

ताईने असं बघितलं की जणू काकूलाच खाट द्यायला हवी. "सेन्सर खोटं बोलत नाही, काकू."

"सेन्सरला मी कुठे खोटं म्हटलं? पण उपयोग काय? दंडाला चिकटलेलं आहे, तोंडाकडे कुठे बघतंय ते!"

ताईला मीटिंग होती. ती गेली.

दुपारी काकूने गाडी दारातच सोडली, सात आणि नऊची ताटं तेवढी मांडली, स्टूल ओढलं आणि दोन खाटांच्या मध्ये जाऊन बसली.

"काय हो काकू, आज मुक्काम?" मास्तर म्हणाले.

"जेवा. आपापलं."

"आम्ही काय कोणाचं..."

"मास्तर, सव्वीस वर्षं उष्टी बघतेय मी. तुमचा बोळा मी अंधारात ओळखेन. लोकांना ब्रेक दाबायला शिकवता ना? स्वतःचा कुठे गेला?"

बाइंडर खाली मान घालून म्हणाला, "काकू, ताट रिकामं दिसलं नाही तर मला घरी सोडणार नाहीत."

"आणि रिकामं दिसलं म्हणून उद्या नळी घालणार आहेत घशात! ती चालेल?"

त्याचा चेहरा पडला. मास्तरांनी शेंगांकडे असं पाहिलं की जणू शेंगांनी त्यांच्या बापाचं घोडं मारलं असावं. पण खाल्ल्या. पलीकडे बावीस जणांचा गलका, जेवण गार, एकाने चमच्याने खाट वाजवायला घेतली. काकू हलली नाही.

अडीच वाजता ताई धावत आली. "नऊ नंबरची साखरेची रेघ सपाट कशी? आज काय वेगळं केलं?"

"काही नाही. आज त्यांचं त्यांनी खाल्लं."

ताईने टॅबलेटकडे, मग मास्तरांकडे, मग ताटातल्या बोळ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली. इन्सुलिन वाढलं नाही. बाइंडरची नळीही टळली. मास्तरांना आणखी तीन दिवस ठेवून घेतलं. हेडबाईंनी नवऱ्याला सगळ्या वॉर्डसमोर असं झापलं की शेजारच्या खाटेवरचाही सरळ होऊन बसला. मास्तर जाईपर्यंत काकूशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि काकूला बक्षीस काय? पुढच्या आठवड्यात टॅबलेटवर चौथा चौकोन आला: 'स्वतः खाल्लं का?' चोवीस माणसं, तीन वेळा, आणि त्याच घासलेल्या बोटाने.

"ताई, आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच!" काकू करवादली.

"अजून एक आहे," ताई जरा चाचरत म्हणाली. "सात नंबरला थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा द्यायचं ठरलंय."

"आठ? उचलणार कोण?"

ताईने स्वतःच सातचं ताट उचललं, खिडकीपाशी नेलं आणि तिरपं धरलं. अर्धं अंडं गेलं होतं, भाताला चार घासांचा खड्डा होता, कडेला लिंबाची टोपी.

"थोडं खाल्लं," ताई म्हणाली. "स्वतः."

"मग दाबा तुम्हीच," काकू म्हणाली आणि गाडी ढकलत पुढे गेली.