पालथा न केलेला कागद

सकाळी ऊर्जानगरहून शालूबाईंचा फोन आला, "भाऊ, हे गेले." सुखदेव गेला… शोकसभेत जो तो उठून त्याच्या एकाच व्यंगचित्राबद्दल बोलला. म्हणे, डावखुऱ्या ठेकेदाराला त्याच्या डाव्या हातासकट चितारायची छाती फक्त सुखदेवची. मागच्या खुर्चीत बसून मी दातओठ खात होतो. राग त्यांचा नव्हता, माझाच होता.

चंद्रपुरात माझा छापखाना होता, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा. चित्राचा जस्ताचा ठोकळा नागपूरहून करून आणायला चार दिवस लागत, आणि सुखदेवला तेवढा दम धरवत नसे. भद्रावतीच्या क्वार्टरांतलं फरशीवर अंथरायचं लिनोलियम उखडून फेकलेलं आम्हाला सापडलं. तो पातळ कागदावर काढायचा, मी लिनोलियमवर कोरायचो. त्यावर बारीक रेघ टिकत नाही, अक्षरं तर तुटूनच जातात. म्हणून त्याची चित्रं जाडजूड, काळीकुट्ट आणि बिनअक्षरांची झाली. स्वस्त कागद शाई पिऊन ती आणखी काळी करायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही ती थोबाडीत बसल्यासारखी कळायची. या चित्रांची पत्रकं बसने धानोऱ्याला जायची आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या गावागावांत झाडांवर लागायची.

अशात एका ठेकेदाराच्या माणसांनी पानं तोडणाऱ्या बाईला काठीने रक्त येईस्तोवर मारलं. सुखदेवने ठेकेदार काढला, कोणताही. उजव्या हातात काठी, पायाखाली बाई. ठोकळ्यावर चित्र उलटं कोरलं तरच छापताना सुलट येतं, म्हणून मी कागद पालथा चिकटवायचो. त्या दिवशी घाईत सुलटाच चिकटवला. चित्रात एखादं अक्षर असतं तरी ते उलटं दिसून चूक कळली असती… काठी डाव्या हातात गेली. आणि तो ठेकेदार नेमका डावखुरा, आमच्या बोलीत डेबरा! लोकांनी चित्रावर बोट ठेवलं, "हा तं आपला डेबरा!" आणि तोडणी बंद पाडली.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी चौघे छापखान्यात शिरले. अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या उपड्या केल्या. "कोनं काढला हा डेबरा?" मी भिंतीला चिकटलो होतो. सुखदेवने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्या काढला. डेबरा आहे तं डेबराच दिसन." त्यांनी त्याचा उजवा हात दगडी ओट्यावर दाबला आणि पान बांधायची लोखंडी चौकट त्यावर हाणली. पुन्हा हाणली. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताज्या पत्रकांवर रक्त उडालं. मी एक शब्द बोललो नाही. भेकड होतो मी, दुसरं काय.

पुढे तो डाव्या हाताने काढायला शिकला. "आता मीच डेबरा झालो ना बे!" म्हणायचा, आणि मी निर्लज्जासारखा हसायचो.

शोकसभेहून मी तडक सुखदेवच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, तो कागद म्या पालथा नाई केला. चूक माही होती."

"मले मालूम आहे, भाऊ," शालूबाई म्हणाल्या. "पत्रक पाह्यलं तवाच समजलं होतं त्याइले. मी म्हनत होती, जाऊन इचारा. तं म्हनत, तो सोता सांगन, तू काऊन घाई करून राह्यली?"

दर रविवारी मी त्यांच्याकडे चहाला जायचो. मोडका हात मांडीवर ठेवून तो डाव्या हाताने कप पुढे करायचा, आणि मी कप घेतला तरी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला वाटायचं, साखरेचं विचारतोय. मी म्हणायचो, "बरोबर आहे ना बे, गोड आहे."