रविवारचा चिलर

मे महिन्यातला दुसरा रविवार. आमच्या इमारतीच्या एसीसाठी चिलर, म्हणजे गारवा तयार करणारं यंत्र, निवडायचा होता, पाण्याने थंड होणारा की हवेने. निवड चुकली तर सात मजले उकडणार आणि बोलणी मी खाणार.

हवेवाल्यांचा गुजराती सेल्समन मला समा भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेला. तिथे त्यांचा चिलर चालू होता. दर वाक्यानंतर तो रुमालाने पाइप पुसून त्यावर तळवा ठेवायचा.

"हात लावून जुओ, बेन. बरफ!"

पाइप खरंच गार होता.

"पण रविवारीच का बोलावलंत?"

"शांती असते ने. आज सगळी ऑफिसं बंद."

रिकामी इमारत गार ठेवण्यात कसली कर्तबगारी?

सोमवारी सकाळी, ऑफिसं भरल्यावर, मी एकटीच तिथे गेले. प्रत्येक टेबलावर पंखा फिरत होता. जिन्यातूनच मी पाणीवाल्यांना फोन लावला.